प्रश्न कोणाचा, बक्षीस कशाचे?

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते? पाण्याचा उत्कलनबिंदू किती? भारताचा पहिला उपग्रह कोणता? शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर ‘आजचा प्रश्न’ या मथळ्याखाली असे काही लिहिलेले असते. खाली एक पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप. शनिवारी पेटी उघडायची, बरोबर उत्तरांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढायच्या, त्यांतून सोडत आणि विजेत्याला पेन किंवा खोडरबर. २८ फेब्रुवारी, म्हणजे विज्ञानदिन जवळ आला की पेटीची प्रश्नमंजूषा होते, खोडरबराचा कंपास होतो आणि प्रमुख पाहुणे येतात. या सगळ्याला आपण ‘मुलांचे कुतूहल जागे करणे’ म्हणतो. या लेखात मला तपासायचा आहे तो हाच शब्दप्रयोग. वरच्या तीन प्रश्नांत कुतूहल नेमके कुठे आहे आणि कंपासाने त्याचे काय होते?

आपल्याकडे प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात बक्षिसाचे स्थान फार गमतीचे आहे. वेताळ विक्रमाला प्रश्न विचारतो तेव्हा बक्षीस नाहीच, उलट दुहेरी शिक्षा आहे. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५०च्या सुमारास, वेगळेच चित्र दिसते. लीलावती ही कन्या की कल्पना हा वाद बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती बोलण्याची रीत. गणित घालणारा समोरच्या मुलीशी लाडाने, किंचित चिडवत बोलतो. तळ्यात कमळ आहे, पाण्याच्या वर अर्धा हात आले आहे, वाऱ्याने कलले आणि दोन हातांवर बुडाले. तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. ते काढल्यावर काही मिळत नाही. मिळते ते एवढेच, की एका कमळाच्या देठावरून तळ्याची खोली मोजता येते हे कळते, तेही पाण्यात पाय न घालता. हे कळणे ज्याला पुरेसे वाटत नाही त्याच्यासाठी ते गणित लिहिलेलेच नाही, असे मला वाटते.

आता फळ्यावरच्या प्रश्नाकडे परत येऊ. कळसूबाईचे नाव मुलाला माहीत असते किंवा नसते. माहीत असेल तर विचार करण्याजोगे काही उरत नाही. नसेल तर विचार करून उपयोग नसतो. डोके खाजवून, आकाशाकडे पाहून, आजीला विचारून शिखराचे नाव निघत नाही. म्हणजे हा प्रश्न मुलाच्या कुतूहलाला हात घालत नाही, त्याच्या साठ्याची झडती घेतो. झडतीत माल सापडला तर बक्षीस. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि या झडतीला चार पर्याय, घड्याळाची टिकटिक आणि पैशांची शिडी मिळाली. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. करमणूक म्हणून तिला माझी हरकत नाही. पण तोच साचा आपण सहावीच्या वर्गात आणला आणि त्याला विज्ञान म्हणू लागलो.

कुतूहल कधी जागते याचा अभ्यास मानसशास्त्रात झालेला आहे. जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ साली मांडलेला विचार थोडक्यात असा, की आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक करून घ्यावेसे वाटते यांच्यातली फट जाणवली की कुतूहल सुरू होते. फट जाणवण्यासाठी अलीकडचा काठ दिसावा लागतो. ज्याला काहीच माहीत नाही त्याला कुतूहल कमी. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत काही संशोधकांनी विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानाचे प्रश्न देऊन हे तपासले. तो निबंध २००९चा आहे. उत्तराची अगदी खात्री असलेल्यांना आणि अजिबात अंदाज नसलेल्यांना कुतूहल कमी वाटले. ‘असे असावे बहुतेक’ या अवस्थेतल्यांना सर्वाधिक. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना उत्तर पाहायचे असेल तर हातातली मोजकी टोकने खर्च करावी लागत किंवा ताटकळावे लागे. आणि जितके कुतूहल जास्त तितकी ही किंमत मोजायला लोक तयार होते. आपण उत्तर देणाऱ्याला पैसे देतो; कुतूहल असलेला माणूस उत्तर मिळावे म्हणून स्वतःच्या खिशात हात घालतो. व्यवहाराची दिशाच उलटी आहे.

अशी फट असलेला प्रश्न कसा दिसतो? एक उदाहरण घेतो, कारण उदाहरणाशिवाय ही चर्चा हवेत राहील. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या स्टीलच्या तांब्यावर बाहेरून थेंब येतात. ते पाणी कुठून आले? मी काही वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि हा प्रश्न अनेक वर्गांत विचारला. मुलांचे पहिले उत्तर ठरलेले: तांब्या पाझरतो. पुस्तकाच्या दृष्टीने हे चूक आहे आणि प्रश्नमंजूषेत याला शून्य गुण. पण मूल हे का म्हणते? त्याच्या घरी माठ आहे, माठ बाहेरून ओला असतो आणि माठ खरोखरच पाझरतो. म्हणजे मुलाने अनुभवावरून तर्क लढवला आहे. फक्त माती आणि स्टील यांत फरक आहे की नाही हे पाहायचे राहिले आहे. मग कोणीतरी सुचवते, तांब्यात गुळाचे पाणी भरू, बर्फ टाकू आणि बाहेरचा थेंब चाटून पाहू. थेंब गोड लागत नाही. तेवढ्यात दुसरे कोणी म्हणते, गूळ आत अडकला असेल, पाणी तेवढे बाहेर आले असेल. या आक्षेपाला पुस्तकात उत्तर नाही. वर्गालाच शोधावे लागते. झाकून ठेवलेला रिकामा पण बर्फासारखा गार केलेला तांब्या आणावा लागतो.

शिवाय हा प्रश्न रत्नागिरीत एक असतो आणि नागपुरात दुसरा. कोकणात बर्फ टाकताच तांब्या घामेजतो. नागपूरच्या मे महिन्यात वाट पाहावी लागते आणि थेंब आले तरी थोडेच. ज्या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्यागणिक बदलते तो प्रश्नमंजूषेच्या कामाचा नाही, पण वर्गाच्या कामाचा आहे. जाता जाता वाचकांसाठी एक: बर्फाऐवजी माठातलेच गार पाणी तांब्यात घेतले तर बाहेर थेंब येत नाहीत, मग हवा कोकणातली असो की विदर्भातली. का? उत्तर मी इथे देत नाही आणि बक्षीसही ठेवत नाही.

बक्षिसाचा मुद्दा मात्र इतक्या सहज निकालात निघणारा नाही. बक्षिसाविरुद्ध बोलणारे सगळे ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा, १९७३चा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातली बिंग ही बालवाडी. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली ५१ मुले, वय तीन ते पाच. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्याला तेच प्रशस्तिपत्रक दिले, पण अचानक, चित्र काढून झाल्यावर. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेने बालवाडीत पुन्हा मोकळी ठेवली आणि कोण किती वेळ त्यांच्याकडे वळते हे लपून पाहिले. अचानक बक्षीस मिळालेल्यांनी मोकळ्या वेळातला सुमारे १८ टक्के वेळ चित्रांत घालवला, काहीच न मिळालेल्यांनी सुमारे १७ टक्के, आणि आधी ठरवून बक्षीस घेतलेल्यांनी साडेआठ टक्क्यांच्या आसपास. निम्मा. त्यांनी प्रयोगाच्या वेळी काढलेली चित्रेही परीक्षकांना कमी कसाची वाटली.

निष्कर्ष वाचताना अंगावर येतो, हे खरे. पण त्याचा वापर फार ढिलाईने होतो असे माझे मत आहे. प्रयोगातली मुले निवडलेलीच अशी होती, की त्यांना चित्रांचा नाद होता. जिथे नाद आहे तिथे बक्षीस तो उणा करते, एवढेच त्यातून निघते. ज्या वर्गात चाळीस मुले खाली मान घालून बसली आहेत आणि एकही हात वर होत नाही, तिथे उणे व्हायला आधी काही असायला हवे! पुढच्या काळात या विषयावर जो वाद झाला तोही आपल्याकडच्या लेखनात क्वचित येतो. १९९४ साली कॅमेरॉन आणि पियर्स यांनी अनेक अभ्यास एकत्र करून म्हटले, की बक्षिसाने एकंदरीत नुकसान होत नाही. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ अभ्यास घेऊन त्यांना खोडून काढले: आधी कबूल केलेली, हातात देता येणारी बक्षिसे आतली ओढ कमी करतात, आणि मोठ्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान मुलांत अधिक. मात्र मुळातच रटाळ असलेल्या कामात हा तोटा त्यांनाही दिसला नाही.

अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी तर सरळ पैसे वाटून पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात डॅलसमधल्या दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून छोटी चाचणी दिली की दोन डॉलर मिळत. न्यू यॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे होते. गुणांच्या पैशांनी काही झाले नाही. पुस्तकांच्या पैशांनी वाचून समजण्याची क्षमता वाढली आणि वाचनाची आवड आटल्याचेही दिसले नाही. मुलाला पुस्तक वाचणे कसे करायचे हे ठाऊक असते. गुण कसे वाढवायचे हे ठाऊक नसते. आपल्या प्रश्नपेटीचे बक्षीस न्यू यॉर्कच्या जातीचे आहे. ते फळाला मिळते, खटाटोपाला नाही.

आणि फळ कोणाच्या हाती लागते? कोणत्याही शाळेतल्या पाच वर्षांच्या विजेत्यांची यादी काढा. तीच ती नावे, तीच ती आडनावे, पुढच्या दोन बाकांवरची. ज्या घरी वर्तमानपत्र येते, आई-वडील रात्री सामान्यज्ञानाचे पुस्तक घेऊन बसतात, त्या घरात आणखी एक कंपास जातो. आठवे आश्चर्य असे, की याला आपण गुणवत्ता म्हणतो.

तरीही बक्षिसांवर सरसकट नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ‘मुलांना लालूच दाखवू नये’ हे वाक्य बहुधा असे लोक बोलतात ज्यांच्या मुलांच्या दप्तरात तीन कंपास असतात. ज्या मुलीला आपल्या नावाने टाळ्या पडल्याचा पहिला अनुभव एका खोडरबराने येतो, तिच्यासाठी ते खोडरबर लालूच नसते. ते शाळेने तिला ओळखल्याची खूण असते. म्हणून बक्षीस हवे की नको, यापेक्षा ते कशाबद्दल आणि कोणत्या वस्तूचे, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. मरिनाक आणि गॅम्ब्रेल यांचा २००८चा एक अभ्यास इथे उपयोगी आहे. तिसरीच्या मुलांना वाचनाबद्दल काहींना छोट्या भेटवस्तू दिल्या, काहींना पुस्तक दिले. भेटवस्तू घेतलेल्यांचे वाचनातले मन उडाले. पुस्तक घेतलेल्यांचे टिकले. बक्षीस त्या कामाच्या पोटातलेच असेल तर ते कामापासून दूर नेत नाही. थेंबांबद्दल विचार करणाऱ्या मुलाला कंपास देण्यापेक्षा एक भिंग द्यावे, लोहचुंबक द्यावा, तापमापी द्यावा. भिंग घरी गेले की संध्याकाळपर्यंत मुंगीचे पाय मोजून होतात आणि सोमवारी नवा प्रश्न येतो. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ वस्तू यांतून खेळणी करायला शिकवले. त्यांत बक्षीस आणि काम यांची सरहद्दच पुसली जाते: जे केले तेच घरी न्यायचे.

याच गुप्तांच्या आयुष्याला वळण देणारा उपक्रम या विषयात केंद्रस्थानी ठेवावा असा आहे. पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असताना ते १९७८ साली सुटी घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सुरू झाला होता. तो सुरू करणाऱ्या दोन संस्थांपैकी किशोर भारती ही अनिल सद्गोपाल यांची. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून तिकडे गेले होते. या शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकात तयार उत्तरे नव्हती. प्रयोग करायचा, काय दिसले ते लिहायचे, परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायचे. आणि मुलांना पडलेल्या प्रश्नांसाठी एक पात्र निर्माण केले होते: सवालीराम. मुलांनी त्याला पत्र लिहून वाट्टेल ते विचारावे, सवालीरामाने उत्तर पाठवावे. सवालीराम नावाचा कोणी माणूस नव्हता; उत्तरामागे अनेक जण असत. पण मुलासाठी तो एक पत्ता होता.

या एका कल्पनेने प्रश्नपेटी उलटी होते. पेटीत उत्तराऐवजी प्रश्न पडतो. ज्याला माहीत नाही तो बोलतो आणि ज्याला माहीत आहे त्याला विचार करावा लागतो. बक्षीस म्हणाल तर स्वतःच्या नावावर आलेले पत्र. खेड्यातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या नावाने पोस्टमनने हाक मारणे हे किती मोठे बक्षीस होते, हे मोबाइलनंतरच्या पिढीला समजावून सांगावे लागेल. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. कारणांची चर्चा स्वतंत्र लेखाची आहे. पण जो कार्यक्रम मुलांकडून उत्तरे पाठ करून घेत नाही त्याचे यश गुणपत्रिकेत मोजता येत नाही, हे त्यातले एक असावे असा माझा कयास आहे.

इथे एक सावधगिरी. मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून ‘उत्कृष्ट प्रश्नाला बक्षीस’ ठेवले की सगळे सुटले, असे नाही. आम्ही शाळेत हे करून पाहिले तेव्हा चिठ्ठ्यांचा ढीग आला आणि त्यात कृष्णविवरे, महास्फोट, परग्रहावरचे लोक यांची गर्दी होती. पाहुण्यांना आवडतील असे, कुठेतरी वाचलेले प्रश्न. तीच मुले मधल्या सुटीत विचारत, की शिंक येताना डोळे का मिटतात, पावसाळ्यात दार का अडकते. ते चिठ्ठीत कधी आले नाही. त्यांच्या हिशेबी ते बक्षिसाच्या लायकीचे नव्हते. बक्षीस फक्त ओढच कमी करते असे नाही. काय विचारणे प्रतिष्ठेचे, हेही ते ठरवून टाकते. आणि प्रश्नाचे परीक्षण करायला कोणी बसले, की मूल परीक्षकाच्या मनातला प्रश्न शोधू लागते.

मराठी वाचकांना या संदर्भात जयंत नारळीकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि ते दोन्ही बाजूंनी. बनारसच्या घरात वडिलांनी, म्हणजे विष्णु वासुदेव नारळीकरांनी, मुलांसाठी भिंतीवर फळे लावून दिले होते. पुढे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्याकडे राहिले. ते त्या फळ्यावर जयंताच्या नावाने आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवीत. गणित सुटेपर्यंत, किंवा जयंत हार मानेपर्यंत, ते पुसले जात नसे. या फळ्याची आणि शाळेतल्या ‘आजचा प्रश्न’ची तुलना करावी. इथे प्रश्न ‘आजचा’ नाही. तो उद्याही असतो, परवाही असतो, जाता-येता दिसतो. प्रश्नावर नाव एकाचेच असते, त्यामुळे कोणाच्या आधी सोडवायचा हा मुद्दा उरत नाही. आणि विचारणारा घरातलाच, जेवायला शेजारी बसणारा. बक्षीस कुठेच नाही, पण कोणीतरी आपल्यासाठी, आपल्याला झेपेल-न झेपेल असे बेताचे गणित शोधून आणले आहे ही जाणीव रोज भिंतीवर आहे. लोवेन्स्टाइन ज्या फटीबद्दल लिहितात तिचे माप मामांनी डोळ्यांनी घेतले होते.

हाच मुलगा मोठा शास्त्रज्ञ झाल्यावर व्याख्यानांनंतर मुलांचा गराडा पडू लागला. हातात वह्या, स्वाक्षरी हवी. नारळीकर मुलांना सांगत, की स्वाक्षरी अशी मिळणार नाही; मला पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारा, उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल. मला ही योजना आजवरच्या सगळ्या प्रश्नमंजूषांहून सरस वाटते. कारण तिच्यात बक्षीस आहे आणि ते मुलांना मनापासून हवे असलेलेच आहे. साधुपणाचा आव नाही. पण त्याची किंमत प्रश्नात मोजायची आहे. पहिला-दुसरा नंबर नाही, सोडत नाही, विचारील त्याला मिळेल. खर्च पोस्टकार्डाचा, ते आजही पन्नास पैशांना मिळते. गर्दीत वही पुढे करणारा हात आणि घरी येऊन, पत्ता लिहून, काय विचारावे म्हणून पेन चावत बसलेला हात यांत जो वेळ जातो, तोच या योजनेचा गाभा आहे. त्या वेळात मुलाला स्वतःचा एक प्रश्न शोधावा लागतो. पाहुण्यांना दाखवायचा नसल्यामुळे तो पावसाळ्यात अडकणाऱ्या दाराचाही चालतो.

नारळीकर मे २०२५मध्ये गेले. त्यांनी पाठवलेली अशी कार्डे महाराष्ट्रभर कपाटांत, जुन्या वह्यांत, क्वचित काचेच्या चौकटीत असणार. त्यांच्या बाबतीत एक अडचण आहे, जी अभ्यासक म्हणून मला छळते. मुलाने पाठवलेले कार्ड पुण्याला गेले, नारळीकरांचे कार्ड मुलाकडे आले. घरात आहे ते उत्तर आणि सही; प्रश्न तिथे नाही. तो त्या मुलाच्या डोक्यात आहे आणि ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. ज्यांच्याकडे असे कार्ड असेल त्यांनी ते चौकटीतून काढून, वेगळ्या कागदावर, आपण तेव्हा काय विचारले होते, ते कुठून सुचले होते आणि उत्तर वाचून समाधान झाले होते की नाही, हे आठवेल तसे लिहून कार्डासोबत ठेवावे.